आमची वाटचाल : कव्हरवरची नागअळी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी बफिंगचं, म्हणजे धातू घासून चकाकवण्याचं दुकान टाकलं तेव्हा दोन मोटरी होत्या, एक सिसलच्या दोऱ्याचा बफ (घासायचं गोल चाक), एक कापडी बफ आणि बफिंगच्या साबणाच्या वड्या. काम काय, तर समया, हॉटेलची भांडी आणि फौंड्रीवाल्यांचे किरकोळ जॉब. रात्री घरी आले की आई म्हणायची, "लोकांची भांडी चकाचक आणि तुमचं तोंड तेवढं काळं."

2009 च्या अखेरीला रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आली आणि बुलेटचं वेड परत अंगात भिनलं. पोरं इंजिनची ॲल्युमिनियमची झाकणं, म्हणजे क्लच कव्हर, टायमिंग कव्हर, टॅपेट कव्हर खोलून पिशवीतून घेऊन यायची. "काका, आरसा करून द्या." आम्ही आरसा करून द्यायचो. कोल्हापुरात तो बरा टिकायचा, अधूनमधून मेण लावून पुसलं की झालं. पण आमची निम्मी गिऱ्हाइकं घाटाखालची. गगनबावडा उतरून मालवणला, आंबोली उतरून गोव्याला गेलेलं कव्हर एका पावसाळ्यात पिठूळ पांढरं व्हायचं.

उघडं ॲल्युमिनियम गंजत नाही असं लोक छातीठोक सांगतात, आणि ते निम्मं खरं आहे. बफ लावून हवेत धरताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा, आणि तोच खालच्या धातूला राखतो. खारी हवा मात्र त्याला भोकं पाडते. एकदा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला की वरवर पुसून उपयोग नाही, परत घासायचा पेपर मारण्यापासून सुरुवात.

मी वडिलांना म्हटलं, वरून पारदर्शक लॅकर मारू. ते म्हणाले, "बफ केलेल्या मालावर रंग धरत नाही. मेण लाव म्हणून सांग आणि गप बस." मी गप बसलो नाही. सेकंडहँड स्प्रे गन घेतली, डब्यातलं एका घटकाचं (हार्डनर न मिसळता थेट मारायचं) लॅकर आणलं आणि घाटाखालच्या एका मेकॅनिकची तीस कव्हरं मारून दिली. दिसायला अशी झाली की वडीलही दोनदा उलटून बघून गेले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यातली बावीस परत आली. लॅकर जागेवर होतं, पण त्याच्या खालून बोल्टच्या भोकापासून बारीक, वेडेवाकडे, पांढुरके धागे निघाले होते. नखानं खरवडलं तर वर गुळगुळीत. त्या वेळी दुकानात शिरोळकडचे एक शेतकरी पंपाचा पार्ट घ्यायला बसले होते. त्यांनी कव्हर हातात घेतलं, उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "अहो मालक, ही तर टोमॅटोच्या पानावरची नागअळी!" पान आतून पोखरत वेडीवाकडी पांढरी रेघ काढत जाते ती अळी. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आमच्या दुकानात त्याचं नाव आजही नागअळीच.

पैसे परत दिले, तीन हप्त्यांत. त्यानंतर सहा महिने क्लिअरचं, म्हणजे पारदर्शक कोटाचं काम बंद ठेवलं आणि फक्त चुकलं कुठं ते शोधलं.

बरंचसं चुकलं होतं धुण्यात. बफिंगच्या साबणात चरबी आणि मेण असतं. डोळ्याला कव्हर स्वच्छ दिसतं, पण अक्षरांच्या खाचेत, बोल्टच्या बगलेत ते बसलेलं असतं. थिनरच्या फडक्यानं ते निघत नाही, नुसतं पसरतं. म्हणून मी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायला गेलो. डायकास्टिंगचं (साच्यात ओतलेल्या मिश्र ॲल्युमिनियमचं) कव्हर कोळशासारखं काळं होऊन बाहेर आलं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, आणि त्यातलं सिलिकॉन आणि तांबं काळ्या थरासारखं वर राहतं. ते कव्हर मी भिंतीवर लावून ठेवलंय, नवीन पोराला पहिल्या दिवशी तेच दाखवतो.

आता सौम्य क्लीनरचं कोमट पाणी, दात घासायचा ब्रश आणि शेवटी आरओच्या पाण्याची धार. मग कव्हर उभं धरून बघायचं, पाणी फाटतं का. सगळीकडे सलग चादरीसारखं उतरलं तर ठीक. कुठं थेंब गोळा झाला तर तिथं मेण आहे, परत धू. पाण्याला थापा मारता येत नाहीत. त्यानंतर क्रोमविरहित पॅसिव्हेशनचं द्रावण, ज्याचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही पण कोटाला धरायला जागा देतो. वडिलांचं म्हणणं बरोबरच होतं, आरशावर रंग धरत नाही, मधे काहीतरी लागतं. धारदार कडा बारीक पेपरनं मोडून घ्यायच्या, कारण कडेवरून कोट मागे सरकतो, पातळ होतो आणि नागअळी तिथूनच शिरते.

वरून दोन घटकांचं (हार्डनर मिसळून मारायचं) पॉलियुरेथेन क्लिअर, दोन हात, सुकल्यावर साधारण 50 मायक्रॉन. 60 अंशांवर अर्धा तास भट्टी, पण पूर्ण पक्कं व्हायला आठवडा जातो, हे गिऱ्हाइकाला गळी उतरवणं सगळ्यात अवघड. दसऱ्याच्या चार दिवस आधी कव्हर आणून खंडेनवमीला गाडी पूजेला पाहिजे म्हणतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, म्हणून बाहेरून हवा घेणारा मास्क घातल्याशिवाय गनला हात लावायचा नाही. या एका बाबतीत मी पोरांवर ओरडतो.

कोटाची जाडी मोजायला स्वस्तात मिळालेला गेज आणला होता. ॲल्युमिनियमवर आकडाच देईना. दुकानदाराशी फोनवर भांडल्यावर कळलं की तो लोखंडावर चालणारा, चुंबकाचा. ॲल्युमिनियमला एडी करंटवाला, म्हणजे धातूत भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह निर्माण करून मोजणारा लागतो. तोही घेतला, पहिला अजून ड्रॉवरमध्ये आहे.

काही कामं आम्ही परत पाठवतो. पारदर्शक पावडर कोटिंगला (भुकटी मारून ती भाजून वितळवायची) भट्टी 180 ते 200 अंशांची लागते. मॅग व्हील, म्हणजे गाडीचं ओतीव ॲल्युमिनियमचं चाक, साधारण दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर मुरवून कडक केलेलं असतं. कंपनी आपल्या हिशेबानं भाजते, पण माझ्याकडे आलेलं चाक आधी कुणी किती वेळा भाजलंय हे मला कुठं कळतं? म्हणून चाकाला फक्त कमी तापाचं क्लिअर. तेही नट जिथं बसतो ती जागा झाकूनच, कारण नटाखालचा कोट दबतो आणि नट सैल पडतो. चकाकीसाठी चाकाच्या जिवाशी खेळ नको. आणि मूळ बोल्टच्या बदल्यात स्टेनलेसचे बोल्ट लावायची फॅशन आहे, तेव्हा घाटाखालच्या माणसाला सांगतो, नायलॉनचा वॉशर टाक, नाहीतर खाऱ्या ओलीत बोल्ट राहील आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम जाईल.

आता आम्ही चौघं आहोत. वडील रोज येतात, बफवर बसू देत नाही म्हणून कुरकुरतात आणि पाणी फाटतंय का ते बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.

वेंगुर्ल्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आमच्या चार पट्ट्या त्याच्या गच्चीच्या कठड्याला बांधून ठेवल्यात, समुद्राकडं तोंड करून. एक नुसती बफ केलेली, एक जुन्या लॅकरची, दोन आताच्या पद्धतीच्या. चारींवर मी सुरीनं आडवी रेघ ओढून दिली होती. दर पौर्णिमेला तो मोजपट्टी धरून फोटो पाठवतो. जुन्या लॅकरच्या रेघेतून निघालेली नागअळी गेल्या खेपेला 11 मिलिमीटर झाली होती. आताच्या एका पट्टीवर काहीच नाही. दुसरीवर दीड मिलिमीटर आहे, आणि ती पट्टी कुणी धुतली होती यावरून दुकानात अजून वाद चालू आहे.