कर्तव्यदक्ष साहेबांचं रेकॉर्ड कुठे मिळतं? माझा अनुभव

एखाद्या आयएएस अधिकाऱ्याने कुठे जमीन घेतली, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, हे आज कुणालाही घरबसल्या बघता येतं. दरवर्षी 31 जानेवारीपर्यंत स्थावर मालमत्तेचं विवरणपत्र भरायचं असतं आणि ते केंद्राच्या संकेतस्थळावर लागतं. पण हाच अधिकारी जिल्ह्यात असताना अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे वेळेत नोंदले गेले का, दोषारोपपत्रं साठ दिवसांत गेली का, पीडितांना अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता सात दिवसांत मिळाला का, याचा तक्ता कुठेच लागत नाही. मालमत्ता मोजली जाते, लोकांचे हक्क नाहीत.

मी मराठवाड्यात एका महिला संघटनेचं काम करते. आमच्या जिल्ह्यातून एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची चांगल्या जागी बदली झाली तेव्हा चौकाचौकांत फ्लेक्स लागले, ‘कर्तव्यदक्ष’, ‘गोरगरिबांचा आधार’ वगैरे. त्याच दिवसांत आमच्याकडे एक बाई येत होती. तिची फिर्याद ठाण्यात आधी एन.सी. म्हणजे अदखलपात्र म्हणून लिहून बोळवण केली होती. मोर्चा निघाला तेव्हा गुन्हा दाखल झाला, आणि पाठोपाठ तिच्या नवऱ्यावर 395चा उलट गुन्हा. अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीला दरोड्याचं उत्तर, हे आमच्याकडे नवं नाही. फ्लेक्स बघून ती म्हणाली, “ताई, ह्येंनी काय केलं ते बी कुठंतरी लिवलेलं आसंलच की.”

आहे का, ते शोधायचं ठरवलं.

कायद्याने ते असायला हवं. अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम 4 हे अधिकाऱ्यांसाठीच आहे. 2015च्या दुरुस्तीने त्यात लोकसेवकाची कर्तव्यं एकेक करून लिहिली: तोंडी फिर्याद लिहून घेऊन सही घेण्याआधी ती वाचून दाखवायची, योग्य कलमं लावायची, फिर्यादीला लगेच प्रत द्यायची, साठ दिवसांत तपास संपवून दोषारोपपत्र पाठवायचं, उशीर झाला तर कारण लेखी नोंदवायचं. यात जाणूनबुजून कसूर करणारा अधिकारी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. मेख पुढच्या ओळीत आहे. प्रशासकीय चौकशीत तशी शिफारस झाली तरच त्या अधिकाऱ्यावर गुन्हा लावता येतो. म्हणजे चौकशीच झाली नाही तर गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही तर रेकॉर्ड स्वच्छ.

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज पोलीस कार्यालयात टाकला. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत; महाराष्ट्रात 2012पासून ही मर्यादा आहे. अधिकाऱ्याचं नाव घालून विचारलं की त्यांच्याविरुद्ध कलम 4खाली किती प्रशासकीय चौकश्या झाल्या, त्यांचं काय झालं. अर्ज फेटाळला जाणार याची खात्री होती, पण नकार लेखी हवा होता. तो आलाच: माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ), वैयक्तिक माहिती, आणि खाली गिरीश देशपांडे निकालाचा हवाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 3 ऑक्टोबर 2012च्या या निकालात म्हटलंय की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश ही मालक आणि नोकर यांच्यातली बाब आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती बाहेर द्यायची नाही. तेही प्रकरण महाराष्ट्रातलंच, पीएफ खात्यातल्या एका अधिकाऱ्याचं. त्यानंतर माहिती अधिकाऱ्यांची मोठी सोय झाली. उत्तर टाइप करून ठेवलेलंच असतं, फक्त तारीख बदलायची.

आमचे एक निवृत्त नायब तहसीलदार मित्र आहेत, संघटनेतले सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, “माणसाबद्दल विचारू नका, टेबलाबद्दल विचारा. माणूस खाजगी असतो, टेबल सरकारी असतं.”

टेबल सापडलं समाज कल्याण विभागात. कायद्याखालच्या 1995च्या नियमांमध्ये नियम 17 आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, समाज कल्याणचे सहायक आयुक्त सदस्य सचिव, पोलीस अधीक्षक सदस्य, शिवाय खासदार-आमदार आणि अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हायलाच हवी. राज्याच्या समितीचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. बैठक झाली की इतिवृत्त होतं, इतिवृत्ताला तक्ते जोडलेले असतात, आणि ह्यात कुणाचंही ‘वैयक्तिक’ काही नसतं.

दुसरा अर्ज समाज कल्याणला. समितीच्या बैठकांच्या नोटिसा, हजेरीपत्रकं, इतिवृत्तं आणि पोलीस तपासावर प्रलंबित प्रकरणांचे तक्ते, अमुक वर्षापासून तमुक वर्षापर्यंत. अधिकाऱ्याचं नाव कुठेही नाही. पीडितांची आणि साक्षीदारांची नावं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10प्रमाणे काळी करून द्या, असंही स्वतःहून लिहिलं. हे जरूर लिहावं. एक तर ते योग्यच आहे, दुसरं म्हणजे नकाराचं एक कारण आधीच संपतं.

मुदत तीस दिवसांची. उत्तर येईपर्यंत थांबण्यापेक्षा सोमवारी जाऊन बसावं असं ठरवलं. 2018च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख बघता येतात. ही गोष्ट त्या कार्यालयातल्या लिपिक दादांना माहीतच नव्हती. “असं काय नसतं हो मॅडम, साहेब फिरतीवर आहेत.” शासन निर्णयाची छापील प्रत सोबत नेली होती, ती टेबलावर ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली, झेरॉक्स काढून स्वतःच्या फायलीला लावली, आणि मग कपाटाची किल्ली शोधायला गेले. माणूस वाईट नव्हता. पुढे त्यांनीच एक जुनी फाईल काढून दिली, जी मी मागितलीही नव्हती.

त्या फायलींबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण खरं रेकॉर्ड तिथेच होतं.

प्रत्येक इतिवृत्ताची सुरुवात तीच: ‘मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करण्यात आले.’ त्यानंतर आकडे. त्यानंतर आडव्या कागदावर तक्ता: पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं, दाखल दिनांक, तपास अधिकारी, आणि शेवटचा रकाना ‘प्रलंबित राहण्याचे कारण’. त्या रकान्यात खालपर्यंत एकच वाक्य उतरत गेलेलं: ‘जातीचे प्रमाणपत्र अप्राप्त.’ ज्यांना मार बसला त्यांनीच दाखला आणून द्यायचा, तोवर तपास थांबलेला, आणि दाखला देणारं उपविभागीय अधिकारी कार्यालय अध्यक्षांच्याच हाताखालचं. एक गु.र.नं. मी बोट ठेवून मागे मागे नेला, तर एकामागून एक बैठकांच्या तक्त्यांत तो त्याच कारणासह बसलेला. साठ दिवस केव्हाच उलटून गेले होते. उशिराची लेखी कारणं नोंदवल्याचा कागद कुठेच नव्हता.

मग हजेरीपत्रक. पोलीस अधीक्षकांच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी निळ्या शाईत ‘करिता’ आणि खाली दुसऱ्याच कुणाची सही. जिल्ह्यातल्या अत्याचाराच्या तपासाचा आढावा ज्या बैठकीत होतो, तिथे पोलिसांचा प्रमुख स्वतः येतो की प्रतिनिधी धाडतो, हे मला वाटतं कुठल्याही गोपनीय अहवालापेक्षा जास्त बोलतं. आणि तो कागद कुणालाही मागता येतो.

बैठकांच्या तारखाही लिहून घेतल्या. तीन महिन्यांचा नियम, पण मध्ये लांबलचक खंड. ‘निवडणूक आचारसंहितेमुळे बैठक होऊ शकली नाही’ असं एक टिपण होतं. त्या काळात जिल्ह्यात कुठलीच आचारसंहिता नव्हती, असं काका शपथेवर सांगतात.

आता हे सगळं त्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीला कसं जोडायचं? त्यासाठी अर्ज लागला नाही. अधीक्षकांच्या दालनात खुर्चीमागे लाकडी फलक असतो: नाव, पासून, पर्यंत. निवेदन द्यायला शिष्टमंडळ गेलं की फोटो निघतोच. त्या फोटोत फलक स्पष्ट दिसतो. बदल्यांचे आदेशही गृह विभाग प्रसिद्ध करतो. बैठकांच्या तारखा फलकावरच्या तारखांशेजारी मांडल्या की झालं.

आणि मग ती फाईल, न मागता मिळालेली. त्यातल्या एका इतिवृत्तात अध्यक्षांचे निर्देश होते: अमुक ठाण्यात गुन्हा नोंदवायला झालेल्या विलंबाबाबत कलम 4 अन्वये चौकशी करून पुढील बैठकीपूर्वी अहवाल सादर करावा. पुढच्या इतिवृत्तात त्या विषयाचा उल्लेखच नाही. मागचं इतिवृत्त मात्र कायम केलेलं.

तिसरा अर्ज पुन्हा पोलीस कार्यालयात, या वेळी नावाशिवाय: या कालावधीत कलम 4खाली सुरू झालेल्या, पूर्ण झालेल्या, प्रलंबित असलेल्या प्रशासकीय चौकश्यांची संख्या द्या. उत्तर एका ओळीचं आलं: ‘निरंक.’

हे उत्तर आणि ते इतिवृत्त, दोन्ही शिक्क्यांनिशी, घेऊन पहिलं अपील केलं. जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला अपिलीय अधिकारी अर्ध्या तासाने आले, पण आल्यावर नीट ऐकून घेतलं. “मॅडम, तुम्हाला नेमकं कुणाच्या मागं लागायचंय?” मी म्हटलं, “साहेब, कुणाच्याच नाही. या दोन कागदांतला खरा कुठला, तेवढं सांगा.” ते बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले. मग शेजारच्याला म्हणाले, “हे पत्र आवक झालं होतं का बघा.” आवक रजिस्टर आलं. पत्र आवक झालं होतं. पुढे कुणाकडे गेलं तो रकाना कोरा.

आदेश बरा निघाला: शोध घेऊन पंधरा दिवसांत माहिती द्यावी. माहिती अशी आली की ‘सदर चौकशीबाबतचा अभिलेख आढळून येत नाही.’ त्यावर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे टाकलं, नव्वद दिवसांच्या मुदतीत, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005चा हवाला देऊन. कागद सापडत नसेल तर तो कुणाच्या ताब्यात होता हे तरी सांगावंच लागतं.

या वाटेने जाणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर 2025मध्ये कलम 8(1)(ञ) बदललं. डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने त्यातले जनहिताचे शब्द काढले, आणि ‘जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही’ हा आधारही गेला. आता वैयक्तिक माहिती म्हटलं की बात खतम. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित जास्त मोठं असेल तर माहिती देता येते. आमचा नावासह केलेला अर्ज या बदलाच्या आधीचा. आज तसा अर्ज करायचा तर जनहित काय आहे ते 8(2)चं नाव घेऊन अर्जातच लिहावं लागेल, तेही दीडशे शब्दांच्या आत. टेबलाबद्दल विचारलेल्या अर्जांना या बदलाचा तसा धक्का नाही.

बाकीच्या जागा भराभर सांगते. उच्च न्यायालयाचे ताशेरे निकालात असतात आणि निकाल संकेतस्थळावर मोफत मिळतात. फक्त शोधताना अधिकाऱ्याच्या नावाऐवजी पोलीस ठाण्याचं नाव आणि कलम टाकावं. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची छापील उत्तरं हा दुर्लक्षित खजिना आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार न्यायची असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. चौकशी आयोगांचे अहवालही आहेत, पण ते मोठ्या रक्तपातानंतरच लिहिले जातात. 1992-93च्या मुंबई दंगलीवरच्या श्रीकृष्ण आयोगाने 31 पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला. 1997मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात 10 जण गेले, तेव्हा गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. एन.सी. लिहून परत पाठवलेल्या बाईसाठी कुणी आयोग बसवत नाही.

आमच्या हातात शेवटी एक पानी तक्ता आहे. डावीकडे फलकावरच्या तारखा, मध्ये झालेल्या आणि न झालेल्या बैठका, उजवीकडे हजेरी, साठ दिवस उलटलेली प्रकरणं आणि कलम 4चे निर्देश. विशेषणं नाहीत. प्रत्येक ओळीपुढे कोणत्या कागदावरून घेतली ते लिहिलंय. तो समितीच्या अशासकीय सदस्यांना दिला. त्यातल्या दोघांना आपण सदस्य म्हणून काय काय मागू शकतो हे तेव्हाच कळलं. एका आमदारांनी त्यावरून तारांकित प्रश्न दिलाय. राज्याच्या नोडल अधिकाऱ्यांकडेही प्रत गेली आहे, पोच आहे, उत्तर नाही.

दुसऱ्या अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. दरम्यान नव्या अधीक्षकांच्या काळातल्या पहिल्या बैठकीच्या हजेरीपत्रकासाठी मी अर्ज टाकला आहे.