१४ दिवसांत डिलीट

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळचे फोन म्हणजे पासवर्ड रीसेट. त्या दिवशी पहिलाच फोन एका मॅनेजरचा, आवाज चढलेला: "अहो, माझ्या टीममधल्या पोराला काढताय, तर आधी मला तरी सांगा!"

त्यांना आलेली मेल पाहिली. अमुक यांची माय साइट (ऑफिसच्या पोर्टलवरची त्यांची स्वतःची जागा) १४ दिवसांत डिलीट होणार. त्यांचे मॅनेजर म्हणून तात्पुरता ताबा तुमच्याकडे. पाठवणारं एचआर नव्हतं, ते पोर्टल चालवणारं सॉफ्टवेअर, शेअरपॉइंट २०१३, होतं. तेवढ्यात आणखी तीन मॅनेजर लाइनवर.

शेअरपॉइंट माणसांची माहिती एडीतून (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीच्या सगळ्या खात्यांची नोंदवही) उचलतं, ते सिंक. सर्व्हरवरची या सिंकची आतली खिडकी बरेच ॲडमिन कधी उघडतच नाहीत. मी आधी तीच उघडतो. रात्री १ च्या इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदल (डेल्टा) उचलणाऱ्या, सिंकची पायरीन् पायरी तिथे दिसते: एडीकडून डेल्टा इम्पोर्ट, मग डेल्टा सिंक, शेवटी शेअरपॉइंटमधल्या प्रोफाइलकडे एक्स्पोर्ट. एरवी 'डिलीट्स'समोर एखाददुसरा आकडा असतो. आज तीन आकडी.

शनिवार-रविवारात एडी टीमने 'नवी मुंबई' नावाचा नवा ओयू (एडीमधला खात्यांचा कप्पा) तयार करून ऐरोलीची सगळी खाती त्यात हलवली होती. साफसफाईची हौस त्यांना अधूनमधून येते, कळवायची कधीच नाही. सिंक कनेक्शनमध्ये ज्या ओयूवर टिक, तेवढेच वाचले जातात. नव्यावर टिक नव्हती. म्हणजे सिंकच्या लेखी ती माणसं नोकरी सोडून गेली, आणि पाठोपाठ लावलेल्या, गेलेल्यांच्या साइट काढणाऱ्या माय साइट क्लीनअप जॉबने उजाडायच्या आत मॅनेजरांना कळवूनही टाकलं. दोन जॉबमध्ये निदान एक कामाचा दिवस ठेवा, असं मी आधीपासून सांगत होतो. उत्तर ठरलेलं: "चालतंय ना? मग राहू दे."

आधी क्लीनअप जॉब बंद केला, मग टिक मारली, मग फुल सिंक. ती तासन्‌तास चालते, घाई करता येत नाही. संध्याकाळपर्यंत प्रोफाइल परत आली. साइट एकही गेली नाही.

पण त्या पहिल्या मॅनेजरने मला फोन करायच्या आधीच मुलाला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "तुला एचआरने काही सांगितलंय का?" मी त्याच्या जागेवर जाऊन सगळं समजावलं. तो हसला, "ठीक आहे सर" म्हणाला. ड्रॉवर मात्र आवरून झालेला होता.

क्लीनअप आता आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारी चालतो. त्याआधी डिलीट्सचा आकडा मी स्वतः बघतो. त्या मुलाने दोनेक महिन्यांत पेपर टाकला. कारण विचारलं, तर पगार म्हणाला.