जुनी स्वीडिश रंगवलेली पेटी साफ केली, माझा अनुभव

स्वीडनला आल्यापासून इथल्या जुन्या रंगवलेल्या लाकडी पेट्यांनी मला वेड लावलंय, शेवटी एका लिलावात दालार्ना प्रांताकडची एक स्वेपआस्क मिळाली. स्वेपआस्क म्हणजे लाकडाची पातळ पट्टी वाफवून गोल वाकवायची, टोकं एकावर एक आणून झाडाच्या बारीक मुळांनी शिवायची, मग तळ आणि झाकण. झाकणावर कुरबिट्स, म्हणजे दालार्नातली ती भरगच्च फुगीर फुलं, खाली १८३४ आणि के ओ डी अशी अक्षरं. ही मालकिणीच्या नावाची आद्याक्षरं, शेवटचा डी म्हणजे स्वीडिशमधलं डॉटर, मुलगी, ओ म्हणजे बापाचं नाव, ओलोफ वगैरे, आणि के म्हणजे कारिन असेल किंवा केर्स्तिन, पूर्ण नाव काही कळत नाही.

तळाला बारीक भोकं होती आणि ताजा भुसा पडत होता, म्हणजे कीड जिवंत. औषध मारलं तर रंग खराब व्हायची भीती, म्हणून म्युझियमवाले करतात तेच केलं, पॉलिथिनमधे हवा काढून घट्ट गुंडाळली आणि डीप फ्रीजरमधे उणे २० ला दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही हं, खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्यायची, म्हणजे पाणी प्लास्टिकवर सुटतं, लाकडावर नाही.

मग साफसफाई. आधी फक्त मऊ ब्रश. पाणी सरसकट लावायचंच नाही कारण रंग सरसात कालवलेला असेल तर ओल्या बोळ्याबरोबर सगळा निघून येतो. कोपऱ्यात कापसाच्या काडीवर थुंकी घेऊन टेस्ट केली, विचित्र वाटेल पण रिस्टोरेशनवाले खरंच थुंकी वापरतात, त्यातल्या एन्झाइममुळे मळ सुटतो. लाल रंग पक्का निघाला, निळा कापसावर उतरायला लागला, मग निळ्याला कोरड्या ब्रशशिवाय काहीच लावलं नाही, त्यावरचा काळेपणा राहिलाय तो राहू दे.

झाकणाच्या कडेला हात लागून लागून रंग गेलाय, तिथे नवीन भरा आणि वरून वॉर्निश मारा असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मी नाही केलं आणि करणारही नाही, त्या केच्या बोटांनी झिजलेली जागा आहे ती, तिच्यावर माझा रंग कशाला?

आता पेटी हिटरपासून लांब, आतल्या भिंतीच्या शेल्फवर आहे, कारण हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. आत सुया-दोरे ठेवलेत, खायचं काही नाही, जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे पॉलिशपेपर तर अजिबात लावू नका.