बहिरी ससाण्याची जोडी: या हंगामात नराच्या मागावर

शहरातली बहिरी ससाण्याची जोडी पाहायला लागलं की नजर घरट्याच्या कठड्यावरच खिळते. मादी तिथे, अंडी तिथे, पुढे पिल्लंही तिथेच. पण कठड्यावर जे घडतं ते सगळं नर काय आणतो, केव्हा आणतो आणि कुठून आणतो यावर ठरतं, आणि नर दिवसातला बराच वेळ कठड्यावर नसतोच. म्हणून यंदा वहीत पहिला रकाना शिकारीचा ठेवला, घरट्याचा दुसरा. आता पिल्लं उडायला लागली आहेत, हंगाम उतरणीला लागला आहे. घरट्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा मला त्या पहिल्या रकान्यातून झाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जागेचं नाव देत नाही. हा पक्षी साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंधनं आहेत. तरीही ससाणे पाळण्याच्या शौकापायी घरट्यातून अंडी आणि पिल्लं चोरली जातात. एवढंच सांगते: उंच इमारत, वरच्या मजल्याबाहेर रुंद कठडा, कठड्यावर बांधकामातून राहून गेलेली बारीक खडी. मी पाहते ती रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या जिन्यातून. ८×४२ ची दुर्बीण आणि २०–६० पटींचा स्पॉटिंग स्कोप. ऊन चढलं की तापलेल्या गच्चीवरची हवा थरथरते आणि ४० पटींच्या पुढे काहीच नीट दिसत नाही, त्यामुळे बारीक निरीक्षणं सकाळीच उरकते.

त्या खडीचं महत्त्व मोठं आहे. बहिरी ससाणा काड्या आणून घरटं बांधत नाही. छाती टेकवून, पायांनी मागे उकरत तो खडीत उथळ खळगा करतो आणि अंडी त्यातच घातली जातात. कोरड्या काँक्रीटवर अंडी गडगडतात, पाणी साचलं तर गार पडतात. १९४० च्या दशकात माँट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर वर्षानुवर्षं वीण करणारी जोडी प्रसिद्ध होती. तिथेही कठड्यावर खडीची सोय करून दिल्यावरच पिल्लं निघू लागली. ज्यांना आपल्या इमारतीवर ससाणे यावेत असं वाटतं त्यांनी पेटी केवढी आणि कोणत्या लाकडाची या चर्चेत पडण्याआधी खडी आणि पाण्याचा निचरा या दोन गोष्टी बघाव्यात.

अंड्यांआधी

नराला ओळखणं सोपं होतं, कारण दोघं शेजारी बसले की फरक लपत नाही. मादीचं वजन नराच्या जवळजवळ दीडपट असतं. एकटा पक्षी उडताना दिसला तर मात्र मी घाई करत नाही. प्रकाश आणि अंतर दोन्ही फसवतात.

या काळात नर मादीला खाऊ घालू लागतो, आणि मादीचं शिकारीला जाणं हळूहळू बंद होतं. तो लांबूनच हाका देत येतो, दोघं कठड्यावर समोरासमोर खाली वाकतात, ‘ई-चप, ई-चप’ असा तुटक आवाज चालतो. हा आवाज आणि धोक्याच्या वेळचा ‘कॅक-कॅक-कॅक’ यांतला फरक कानात बसला पाहिजे, म्हणजे पाठमोरं असतानाही वर काय चाललं आहे ते कळतं. माझ्या निम्म्या नोंदी आधी कानाने झालेल्या आहेत.

मुख्य काम होतं नराच्या बसायच्या जागा शोधण्याचं. त्या खालूनच सापडतात: भिंतीवरचे विष्ठेचे पांढरे ओघळ आणि त्याच्या सरळ खाली विखुरलेली पिसं. एक मोबाइलचा मनोरा, एका इमारतीचा कोपरा, नदीकडे तोंड असलेली जाहिरातीची उंच चौकट आणि पाण्याच्या टाकीमागची आडोशाची जागा. ही शेवटची म्हणजे त्याचं कोठार. शिकार जास्त झाली की तो अर्धवट खाल्लेला पक्षी पाइपच्या फटीत कोंबून ठेवतो आणि नंतर येऊन घेऊन जातो. सकाळी मनोऱ्यावर शिकार न करता तो कुठून तरी ‘तयार’ पक्षी घेऊन येतो, हे कोडं त्या टाकीने सोडवलं.

गच्च्यांवर जायला परवानगी लागते आणि ती मिळवायला धीर लागतो. रखवालदार आणि सफाईचं काम करणारी माणसं एकदा आपल्या बाजूची झाली की मोठा फरक पडतो. झाडून टाकण्याआधी ते थांबतात, बोलावतात. मी पिसं घरी आणत नाही, अनेक देशांत रानपक्ष्यांची पिसं बाळगणंही बेकायदा आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढते आणि जागच्या जागी सोडते.

अवशेष कोणाच्या तोंडचे आहेत ते ओळखता येतं. मांजरासारख्या प्राण्याने खाल्लं तर पिसांच्या दांड्या चावून तुटलेल्या असतात. ससाणा पिसं मुळासकट उपटतो. दोन्ही पंख खांद्याच्या हाडांनी जोडलेलेच राहिलेले, मधलं मांस साफ, आणि छातीच्या हाडाच्या पातळ कडेला त्रिकोणी खाचा असं दिसलं तर तो बहुधा बहिरीच. डोकं बहुतेक वेळा सापडत नाही. मानेचा मणका तोडायला त्याच्या वरच्या चोचीला दातासारखा टोकदार भाग असतो, आणि घरट्याकडे निघण्याआधी नर बऱ्याचदा डोकं स्वतः खाऊन टाकतो.

उबवणी

चार अंडी झाली. साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने एकेक येतं, आणि तिसऱ्या अंड्याच्या सुमारास पक्कं उबवणं सुरू होतं, म्हणूनच पिल्लं पुढे जवळपास एकत्र फुटतात. एका अंड्याला ३० दिवसांच्या आगेमागे लागतात.

बहुतेक निरीक्षक या काळात कंटाळतात. मला हाच भाग सगळ्यात भावला. रात्री आणि दिवसाचा मोठा भाग मादी बसते. नर शिकार आणतो, ती उठून खायला जाते आणि तो अंड्यांवर बसतो. लहान अंगाच्या नराला चार अंडी झाकणं जड जातं. तो पिसं फुगवतो, डावीउजवीकडे झुलतो, पुन्हा उठून अंडी चोचीने सारखी करतो. मादी परतली तरी उठायला तयार नसतो, तिला अक्षरशः ढकलावं लागतं.

याच आठवड्यांत गच्चीवर सकाळी दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या. एक होता लाव्याचा पंख. दुसरी, एका पक्ष्याचा पाय, बोटांना पानांसारख्या झालरी असलेला. टिबुकली! दिवसाढवळ्या शहरावरून टिबुकली उडताना मी पाहिलेली नाही; ती एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर रात्री जाते. लावेही रात्रीच स्थलांतर करतात. इंग्लंडमधल्या बाथ, एक्सेटर आणि डर्बी या शहरांतल्या ससाण्यांच्या अवशेषांतही असे रात्री उडणारे पक्षी मिळालेले आहेत, आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून बहिरी ससाण्यांना रात्री स्थलांतरी पक्षी पकडताना लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. शहराचा उजेड खालून वर जातो, वरून जाणाऱ्या पक्ष्याचं पोट त्यात उजळून निघतं, आणि ससाणा काळोखातून वर झेपावतो. दिवसाच्या शिकारीच्या बरोबर उलट दिशा.

दिवसाची शिकार नदीवर होते. पारव्यांचा थवा इमारतींच्या मधे असतो तोवर नर जाहिरातीच्या चौकटीवर नुसता बसून असतो. थवा नदी ओलांडायला निघाला की तो उठतो, पण लगेच मागे लागत नाही. वर चढत राहतो. पारवे पाण्याच्या मध्यावर आले, म्हणजे दोन्ही काठ सारखेच दूर, की पंख मिटून सूर मारतो. हा सूर सरळ रेषेत नसतो, हे चौकटीच्या बाजूने पाहताना स्पष्ट दिसलं. ससाण्याची सगळ्यात तीक्ष्ण नजर समोर नसून बाजूला तिरकी असते. लक्ष्य त्या नजरेत ठेवायचं तर डोकं वळवावं लागेल, आणि डोकं वळवलं की हवेचा अडथळा वाढून वेग मरेल. म्हणून तो डोकं सरळ ठेवतो आणि स्वतःच वक्र वाटेने, आवर्त घेत खाली येतो. व्हॅन्स टकर यांनी २००० मध्ये याची मांडणी केली. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढचा वेग सगळ्यांनाच पाठ असतो. मला तो वेग सांभाळण्यासाठी घेतलेली वाकडी वाट जास्त थक्क करते.

मी पाहिलेल्या सुरांत हुकलेलेच जास्त. थवा घट्ट गोळा होऊन एकदम वळला की नर बहुतेक वेळा मोकळ्या हाताने चौकटीवर परततो. थव्यातून एखादा फुटला, की तोच जातो.

पिल्लं

तीन फुटली, एक अंडं तसंच राहिलं. मादीने ते बाजूला सारलं, आता ते खडीत अर्धं गाडलेलं दिसतं. एखादं अंडं न फुटणं नेहमीचंच आहे, तरी बहिरी ससाण्याच्या बाबतीत अंड्याकडे पाहताना इतिहास आठवतोच. डीडीटी या कीटकनाशकाचं शरीरात डीडीई नावाचं रसायन होतं, त्यामुळे कवचाला पुरेसं कॅल्शियम मिळत नाही, आणि पातळ कवचाची अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या वजनाखालीच चिरडतात. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये जुन्या संग्रहांतल्या अंड्यांशी तुलना करून कवचं पातळ झाल्याचं दाखवलं. तोवर पूर्व अमेरिकेत वीण करणारी एकही जोडी शिल्लक नव्हती. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, आणि टॉम केड यांच्या पुढाकाराने कॉर्नेल विद्यापीठात बंदिस्त वाढवलेली पिल्लं मनोऱ्यांवरून, शहरांतल्या इमारतींवरूनही सोडली गेली. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या पुलांवर जोड्यांनी वीण केली. १९९९ मध्ये अमेरिकेने या पक्ष्याला संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता खाण्याच्या नोंदींची खरी कमाई. पहिले दोन आठवडे शिकार फक्त नराची, आणि ती लहान पक्ष्यांची: पाकोळ्या, पोपट, चिखलातले छोटे किनारपक्षी, अधूनमधून पारवा. मादी पिल्लांना अंगाखाली घेऊन बसलेली, नराकडून घेतलेल्या शिकारीचे बारीक तुकडे करून भरवणारी. पिल्लांच्या अंगावर दुसरी, दाट लव आली आणि ती आपली ऊब आपण राखू लागली, तसं मादीने एका सकाळी उठून थेट नदी गाठली. त्या आठवड्यापासून वहीतला रकाना पालटला. पारवेच पारवे. मोठ्या अंगाची मादी पारवा सहज उचलून आणते. नर तेवढ्या वजनाने दमतो, वाटेत एकदोनदा टेकतो. पिल्लांची भूक वाढायला आणि मादी मोकळी व्हायला एकच गाठ पडते. नर-मादीच्या आकारात इतकी तफावत का, याची कारणं अनेक सांगितली जातात, पण तिचा उपयोग या कठड्यावर आठवडाभरात डोळ्यांसमोर दिसला.

पारव्यांचं प्रमाण वाढलं की एक काळजीही वाढते. पारव्यांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असतो, तो ससाण्याच्या पिल्लांच्या तोंडात-घशात पिवळट गाठी करतो आणि गिळणं बंद पाडतो. त्यामुळे भरवताना उघडलेली तोंडं मी स्कोपमधून मुद्दाम तपासत होते. तिन्ही स्वच्छ निघाली.

उड्डाण

सहा आठवड्यांच्या सुमारास नर पिल्लू आधी उडालं, दोघी बहिणी मागाहून. अंग हलकं असल्याने नर बहुधा पहिलाच असतो. एक मादी पहिल्याच दिवशी खालच्या वाहनतळावर उतरली. अशा वेळी जाळी असलेली खोकी घेऊन धावायची गरज नसते: माणसं आणि कुत्री दूर ठेवायची, वन्यजीव बचाव पथकाला कळवायचं, जखम नसेल तर प्रशिक्षित माणसाकडून उंच गच्चीवर सोडून घ्यायचं. जमिनीवरून सपाट उडून उंची गाठण्याची ताकद त्या वयात नसते. ती संध्याकाळपर्यंत गच्चीवर होती आणि नराने तिला तिथेच खाऊ दिलं. आकाश आणि ढग जसेच्या तसे दाखवणारी काच हा याहून मोठा धोका आहे. शेजारच्या इमारतीच्या व्यवस्थापनाने या आठवड्यांपुरत्या काचेवर बाहेरून उभ्या पट्ट्या चिकटवल्या, आणि दोरावरून होणारी खिडक्यांची सफाईही पुढे ढकलली.

सध्या हवेत शिकार देण्याघेण्याचे धडे चालू आहेत. आई किंवा बाप मेलेला पक्षी पायात लटकवून वरून जातो, पिल्लं किंचाळत मागे लागतात, मग तो सोडून दिला जातो. नर पिल्लू आता उलटं होऊन खालून झेलतं. बहिणी अजून तो नदीत पाडतात. तिघांच्या छातीवर अजून उभ्या तपकिरी रेघा आहेत, पायांवर निळसर झाक आहे. आडवे पट्टे पुढच्या पिसं बदलण्यानंतर येतील.

ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांना विनंती: मादी उबवणीनंतर पहिल्यांदा शिकारीला कधी निघाली, तेव्हा पिल्लं किती वयाची होती, आणि त्यानंतर अवशेषांत कोणते पक्षी वाढले, एवढं लिहून ठेवा. अवशेषांत पाय सापडला तर फोटो जरूर काढा, पिसं भिजून ओळखेनाशी झाली तरी पायावरून ओळख पटते. पुढच्या हंगामात मला नदीच्या दुसऱ्या काठावरून, रात्रीच्या वेळी बसायचं आहे. तिथून मनोऱ्याचा माथा आणि त्यावर पडणारा उजेड दोन्ही एकाच चौकटीत येतात.