उलटा काटा

रविवारची सकाळ. रात्रपाळी संपायला अर्धा तास उरला होता. कॅज्युअल्टीच्या दारातून दोघे आत आले. पुढे 68 वर्षांचे एक काका, हाफपँट चिंब भिजलेली, उजवा पंजा उताणा धरलेला. मागे पंचविशीतला मुलगा, अंगात खिशांचं जॅकेट, कपाळावर बॅटरी अजून चालूच. काकांच्या पंजाला बोटभर लांबीचा चंदेरी प्लास्टिकचा मासा लटकत होता. त्याच्या पोटाखालच्या तीन तोंडांच्या गळाचं एक तोंड अंगठ्याच्या बुडाशी मांसात रुतलेलं होतं.

"ह्या खेळण्यान माका धरल्यान, बाय," काका म्हणाले.

अमावास्येची सकाळ होती. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी चढते तितकीच सुकती, म्हणजे ओहोटीही, खोल जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत ती पहाटे सहाच्या सुमारास असते. वरळी किल्ल्याखालचे एरवी बुडलेले खडक तेव्हा उघडे पडतात. काका त्या वेळी दगडांत अडकलेली शिसं आणि गळ गोळा करतात. आज त्यांनी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओढला, तेवढ्यात लाट आली, दोरी ताणली गेली आणि तो नकली मासा सुटून हातात घुसला.

मुलगा शेजारच्याच खडकावर होता. टॅक्सी त्याने केली, पैसेही त्यानेच दिले. पण दोघांचं भांडण टॅक्सीत सुरू झालं होतं आणि माझ्या टेबलावरही ते थांबेना.

"काका, तुम्ही दोरीवाले सगळा किनारा तंगूसने भरून टाकता. बगळ्याच्या पायात गुंतलेला मी स्वतः सोडवलाय. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पिशवीत घालता."

"आणि तुमी? खावचो नाय, तर मासो धरूचो कित्याक? त्येका वर काढतास, फोटो काढतास, परत टाकतास. तो काय तुमचो खेळगडी?"

मी दोघांना गप्प बसवलं. साखर तपासली, 246. मधुमेह, त्यात समुद्राच्या पाण्यातली जखम, म्हणजे माझ्यासाठी काळजीचं. खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू अशा माणसात काही तासांत हात सुजवू शकतात. किनाऱ्याजवळच्या रुग्णालयात मासे धरणारे नेहमी येतात. शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, ते विष उष्णतेने निकामी होतं, एवढं इथल्या सिस्टरनाही पाठ आहे. गळ मात्र प्रत्येक वेळी नवीन डोकेदुखी असते. गेल्या वर्षी एका शाळकरी मुलाच्या तळपायातून गंजलेला गळ मी काढला होता, आणि त्याच्या आईचा चेहरा अजून आठवतो.

तीन तोंडांच्या गळात पहिला धोका काढणाऱ्यालाच असतो. एक तोंड सोडवताना दुसरं आपल्या बोटात शिरतं. आमच्या ट्रेमधली कटर बोथट होती. मुलाने न सांगता जॅकेटमधून बारीक चोचीचा पक्कड काढला. नकली मासा गळाला एका दुहेरी कडीने जोडलेला असतो. त्याने ती कडी उकलून मासा अलगद वेगळा केला, काकांच्या हाताला धक्काही लागू दिला नाही. मग दुसऱ्या पक्कडीने मोकळी दोन तोंडं कापली. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, हे मी मान्य करते.

"गळाच्या टोकाशी मासा अडकवणारा उलटा काटा नसेल तर सरळ मागे ओढता येईल," मी म्हटलं.

"नसेलच, मॅडम. आम्ही काटा दाबून टाकतो. मासा मोजपट्टीवर ठेवायचा, फोटो काढायचा, सोडायचा. मेला तर स्पर्धेत गुण जातात."

हे तो अभिमानाने बोलला, आणि तो अभिमान खोटा नव्हता. खजुरी, म्हणजे आपला जिताडा, जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणून मोठा जिताडा सोडायचाच, कारण तीच अंडी घालणारी, असं त्याने काकांना समजावून सांगितलं. काका हाताचं दुखणं विसरून ऐकत होते. पन्नास वर्षं गरवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भूल दिली. रेशमी धागा गळाच्या वळणात अडकवला, दांडी कातडीवर दाबून धरली आणि झटका दिला. गळ हलला नाही. आत काटा होता, शाबूत.

मी कापलेली दोन तोंडं ट्रेमध्ये उलटवून पाहिली. त्यांच्यावरही काटे होते. तो मासा कुणाचा, हे मी विचारलं नाही. मुलानेच सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी त्या खडकात त्याचाच अडकून तुटला होता. आठशे रुपयांचा.

"स्पर्धेला काटे दाबतो, मॅडम. रोजच्या सरावाला... मासा सुटू नये म्हणून..."

मला ते खटकलं आणि मी तसं बोलले. जिताड्याच्या तोंडाला आज स्पर्धा आहे की सराव, हे कसं कळणार? आणि खडकावर हात घालणाऱ्या माणसाला?

तो काही बोलला नाही. काकाही बोलले नाहीत, आणि त्या क्षणी त्यांनी टोमणा मारला नाही याचं मला फार बरं वाटलं.

मग दुसरी रीत करावी लागली. टोक पुढे ढकलून कातडीतून बाहेर काढलं, मुलाच्या पक्कडीने काटा कापला आणि उरलेली दांडी आल्या वाटेने मागे घेतली. जखम धुतली, शिवली नाही, टीटी आणि अँटिबायोटिक दिलं.

ड्रेसिंग होताना काका स्वतःहून बोलू लागले. ते गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा घरात दोन लहान मुलं. "पगार बंद. संपात आमचा घर ह्या खडपान पोसल्यान," असं म्हणून त्यांनी पट्टीचा हात खिडकीकडे केला, जणू समुद्र तिथूनच दिसत होता. दोन तांब मासे मिळाले की त्या दिवसाचं कालवण झालं. मासा मोजायचा असतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. घरात किती ताटं आहेत, एवढंच मोजायचे.

मुलगा मान खाली घालून ऐकत होता. त्याने विचारलं, "अजून गरज आहे का, काका?" विचारण्यात तिरकसपणा नव्हता.

"गरज नाय. सवय आसा. नि घरवाली वाट बगता."

तीन दिवसांनी, बुधवारी, काका ड्रेसिंगला आले. सूज उतरली होती, साखरही. एकटेच आले असतील असं मला वाटलं, तर मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या हातात नकली माशांचा डबा आणि पक्कड होता.

"खडपावर गेलेलात का?" मी विचारलं.

"गेलंय. नुसतो बसलंय." मग माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "त्येका जिताडो कधी लागता ता हवा होता. तिथीक पाऊणपट कर म्हटलंय. आज तृतीया, तीनाचा पाऊणपट, म्हणजे सव्वादोनाक पुरी भरती."

"आणि जागा?"

काकांनी पट्टी बांधलेला पंजा छातीशी धरला.

"वेळ सांगलंय. जागा नाय सांगलंय."