सरांची नागमोडी रेघ

संगीताचे सर फळ्याकडे तोंड करून उभे असायचे, तरी पेटीवर चुकीची पट्टी दाबली की त्यांना कळायचंच. "वाजवायलास का खाजवायलास रे?" वर्ग खिदळायचा. प्रार्थनेला पेटीवर मीच असायचो, त्यामुळे हे वाक्य बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला आलं.

सर रीतसर नोटेशन शिकलेले नव्हते. जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांची स्वतःची लिपी चालायची. टिंब म्हणजे थांब, दोन उभ्या रेघा म्हणजे पुन्हा, आणि मींड आली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं असलं, की नागमोडी रेघ. पेटीवर मींड निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. "हितं मनात ओढायचं," म्हणायचे.

मी नववीत होतो. विसर्जन आटोपून झोपलो आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरले. पेटी मिळाली, पण तिचे दोन सूर मुके झाले होते. त्या दिवसांवर याहून जास्त मला लिहिता येत नाही.

बारावीला लातुरात गणितात गचकलो. दुसऱ्या खेपेच्या शिकवण्या बुडवून गंजगोलाईतल्या एका कॅसेटच्या दुकानापुढे उभा राहायचो. तिथं यान्नी ऐकला. मार्च १९९७ मध्ये ताजमहालापाशी मैफल करून गेलेला तो लांब केसांचा ग्रीक कीबोर्डवाला. खरं सांगतो, त्याचं सगळंच मला रुचत नाही, पाक फार होतो. पण व्हायोलिन-बासरीवाल्यांना पुढं करून स्वतः मागं राहायची त्याची रीत मी उचलली.

पुण्यात पहिल्याच रेकॉर्डिंगला समोर पाश्चात्य नोटेशनचा कागद आला. वाचता येत नाही म्हटल्यावर आल्या पावली परत पाठवलं. वरातीत वाजवून दिवस काढले. त्याच काळात यान्नीबद्दल वाचलं. शिक्षण मानसशास्त्राचं, मिनेसोटा विद्यापीठात. संगीत कुणाकडे शिकलेला नाही, सूर टिपायला लहानपणीच स्वतःच्या खुणा केलेल्या. गाव कालामाता. तिथंही सप्टेंबर १९८६ मध्ये भूकंप झाला होता. ते वाचून पुस्तक मिटलं आणि चहा प्यायला गेलो.

पहिला जुना कीबोर्ड घेतला, त्याला डावीकडे एक चाक होतं. पिचबेंड. अंगठ्यानं ढकललं की सूर दोन पट्ट्यांपर्यंत घसरत जातो. 'ग' दाबून हळूच ढकललं, सूर सरकत सरकत 'म'वर जाऊन टेकला. सरांची रेघ! त्या रात्री लोडशेडिंग होईपर्यंत तेवढंच वाजवत बसलो.

आज माहितीपटांना आणि ध्यानाच्या शिबिरांना संगीत देतो. पॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या लांबत राहणाऱ्या सुरावर, तानपुरा चढवतो, वर बासरी, आणि टिपणं अजूनही टिंबा-रेघांतच. साहाय्यक वैतागतो.

सर आता नाहीत. त्यांचे ते कागद कुणाकडे असतील तर झेरॉक्स द्यावी. प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीखाली ते एक अर्धगोल काढायचे, त्याचा अर्थ विचारायचा राहूनच गेला.