बाबांची खीर

रविवार, २१ सप्टेंबर २०२५
सर्वपित्री अमावास्या

बाबांच्या तिथीला दादाला रजा मिळाली नाही, म्हणून पान आज वाढलं. वडे, भाज्या, आमसुलाची चटणी सगळं वहिनीने सांभाळलं. खीर आईने पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली.

पाव वाटी आंबेमोहोर रात्रीच धुऊन पंचावर पसरला होता. सकाळी चमचाभर तुपात परतला, वास सुटला तसा उतरवला. मिक्सरमधून जेमतेम एकदा फिरवून कण्या काढल्या, कारण पीठ झालं की खिरीची पेज होते. जाड बुडाच्या पातेल्यात लिटरभर दूध उकळलं तशा त्यात सोडल्या, आणि पुढचा तासभर पळी हातातच. कडेला धरलेली साय खरवडून परत दुधात ढकलायची, बुडाशी पळी फिरवत राहायची. दुधाचा पांढरा रंग हळूहळू सायीसारखा पिवळसर होत जातो, ते बघत उभं राहायला मला फार आवडतं.

साखर घालायला गेले तर आईने हात धरला. एक कणी बोटांत चिरडून बघितली. म्हणाली, "अजून मधे टणक आहे. आत्ता साखर पडली तर तशीच राहील, मग कितीही उकळ." दहा मिनिटांनी अर्धी वाटी साखर, वेलची, जायफळ. थोडी पातळ असतानाच गॅस बंद केला. गार होताना आळतेच.

बाबांना ही खीर जीव की प्राण. पण आमच्याकडे ती फक्त श्राद्धाला. एरवी मागितली की आई म्हणायची, "शेवयांची करते. तांदळाची उगाच करत नाहीत." वर्षातून दोनदा, आजी-आजोबांच्या तिथीला, बाबा दोन वाट्या खायचे आणि तिसरी मागायला संकोचायचे. आज पानावर वाटी ठेवताना तेच आठवत राहिलं. मग माझ्याच्याने तिथे थांबवेना.

दुपारी समोरच्या बंगाली काकूंना डबा दिला. आज त्यांची महालया. त्यांच्याकडे हीच खीर, पायेश, वाढदिवसाला हवीच. बाळाच्या उष्टावणाला पहिला घासही तिचाच. तांदूळ गोबिंदभोग, आणि थंडीत साखरेऐवजी खजुराचा नोलेन गूळ. तो मात्र पातेलं उतरवल्यावर घालायचा, नाहीतर दूध फाटतं. आई सगळं ऐकत होती. "वाढदिवसाला?" एवढंच दोनदा विचारलं.

आत्ता रात्री भांडी आवरताना बघते तर उरलेला आंबेमोहोर तिने वेगळ्या बरणीत भरून ठेवलेला. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "नोव्हेंबरात ह्यांचा वाढदिवस येतो. अर्धा लिटरचीच करू."

बरणी वरच्या फळीवर ठेवली आहे.